चुकीचे इनपुट आले तर एक्सेप्शन कसे हाताळावे: पायथन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

वय विचारून पुढील वर्षी ते किती होईल हे सांगणारा दोन ओळींचा प्रोग्राम तुम्ही लिहिला आहे, असे समजा. पहिल्या ओळीत इनपुट या फंक्शनने वय विचारले आहे आणि आलेला मजकूर इंट या फंक्शनला देऊन त्याची संख्या केली आहे. दुसऱ्या ओळीत त्या संख्येत एक मिळवून उत्तर छापले आहे. तुम्ही स्वतः २५ लिहून पाहता आणि २६ असे उत्तर येते. मग दुसरी व्यक्ती तुमच्या जागी बसते, अक्षरांत ‘पंचवीस’ असे लिहून एंटर दाबते आणि प्रोग्राम इंग्रजीतील चार-पाच ओळी पडद्यावर टाकून बंद पडतो. त्या व्यक्तीने काहीही गैर केलेले नाही. वय विचारले होते, तिने वय सांगितले. ते कोणत्या रूपात हवे आहे, हे तुमच्या प्रोग्रामने तिला सांगितलेच नव्हते.

पुढे जाण्यापूर्वी लिपीविषयी एक खुलासा करतो. या लेखात पायथनचे शब्द वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत, परंतु प्रत्यक्ष कोडमध्ये ट्राय, एक्सेप्ट, इंट यांसारखे भाषेचे स्वतःचे शब्द रोमन लिपीतच टाइप करावे लागतात आणि कोडमधील संख्याही इंग्रजी अंकांतच लिहाव्या लागतात. व्हेरिएबलची नावे मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत ठेवलेली चालतात, त्यामुळे खालील उदाहरणांतील ‘वय’ आणि ‘मजकूर’ ही नावे जशीच्या तशी वापरता येतील.

बंद पडताना पडद्यावर जे छापले जाते त्याला ट्रेसबॅक म्हणतात आणि तो खालून वर वाचावा. सर्वांत खालच्या ओळीत एक्सेप्शनचा, म्हणजे प्रोग्राम चालताना उद्भवलेल्या अडचणीचा, प्रकार आणि त्याचे कारण असते. त्याच्या वरच्या ओळींत ते कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर घडले याचा माग असतो. ‘पंचवीस’च्या बाबतीत शेवटची ओळ व्हॅल्यूएरर या शब्दाने सुरू होते आणि दहाच्या पायातील पूर्णांक म्हणून हा मजकूर वाचता येत नाही, अशा अर्थाचे वाक्य पुढे येते. व्हॅल्यूएरर या नावातच भेद सांगितलेला आहे: दिलेली गोष्ट योग्य जातीची आहे, म्हणजे ती स्ट्रिंग, अर्थात मजकूरच, आहे, पण तिच्या आतील मूल्य कामाचे नाही. जातच चुकली असती, उदाहरणार्थ इंटला नन हे ‘काहीच नाही’ असे सांगणारे मूल्य दिले असते, तर टाइपएरर मिळाला असता. इनपुट हे फंक्शन नेहमी स्ट्रिंगच परत करते, त्यामुळे वापरकर्त्याने काहीही टाइप केले तरी या ठिकाणी आपली गाठ व्हॅल्यूएररशीच पडते. आपल्याला नेमके कोणते एक्सेप्शन पकडायचे आहे, याचा निर्णय ट्रेसबॅकच्या या शेवटच्या ओळीवरून करावा. अंदाजाने करू नये.

आता दुरुस्त केलेला प्रोग्राम पाहू.

व्हाइल ट्रू:
    मजकूर = इनपुट("तुमचे वय पूर्ण वर्षांत लिहा: ")
    ट्राय:
        वय = इंट(मजकूर)
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        प्रिंट("वय अंकांत लिहावे, उदाहरणार्थ २५.")
        कंटिन्यू
    इफ नॉट (० <= वय <= १२०):
        प्रिंट("वय ० ते १२० या दरम्यान असावे.")
        कंटिन्यू
    ब्रेक

ट्रायच्या आतील ओळीत एक्सेप्शन आले आणि त्याचा प्रकार एक्सेप्टपुढे लिहिलेल्या प्रकाराशी जुळला, की प्रोग्राम बंद न पडता एक्सेप्टखालील ओळी चालवतो. ट्रायच्या आत येथे एकच ओळ आहे, आणि माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. नवशिक्यांची प्रवृत्ती उलटी असते: प्रोग्राम बंद पडू नये म्हणून इनपुट विचारण्यापासून उत्तर छापण्यापर्यंतच्या सगळ्या ओळी ते ट्रायच्या आत ढकलतात. असे केले की एक्सेप्शन नेमके कोठून आले हे कळण्याचा मार्ग बंद होतो. ट्रायमध्ये एखादी ओळ ठेवण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की ही ओळ वापरकर्त्याच्या चुकीमुळे अपयशी होऊ शकते का, आणि झालीच तर काय करायचे हे मला माहीत आहे का. दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील तरच ती ओळ आत राहावी.

लूपची रचनाही पाहण्यासारखी आहे. चुकीचे इनपुट आले की कंटिन्यूमुळे प्रोग्राम पुन्हा प्रश्नाकडे जातो आणि ब्रेकपर्यंत पोहोचतो तो केवळ दोन्ही अडथळे पार केलेला पूर्णांक घेऊनच. त्यामुळे लूपच्या खाली लिहिलेल्या कोडला ‘वय’ बरोबर आहे की नाही हे पुन्हा तपासावे लागत नाही. पुष्कळ जण चूक झाल्यावर पुन्हा विचारण्यासाठी फंक्शनने स्वतःलाच हाक मारावी असे लिहितात. ते चालते, पण आतल्या हाकेचे उत्तर रिटर्न करायला विसरले की बाहेर नन हे मूल्य मिळते, आणि ही चूक शोधण्यात तासन्‌तास गेलेले मी पाहिले आहेत. लूप सरळ आहे, लूपच वापरावा.

उघड्या एक्सेप्टचा धोका

एक्सेप्ट या शब्दापुढे कोणताही प्रकार न लिहिता नुसता अपूर्णविराम दिला तरी पायथन तक्रार करत नाही. असा उघडा एक्सेप्ट सर्व काही पकडतो आणि नेमके तेच त्याचे दूषण आहे. मी शिकवत असताना एका विद्यार्थ्याने मला त्याचा प्रोग्राम दाखवला होता. २५ लिहा, ४० लिहा, ७ लिहा, प्रत्येक वेळी उत्तर एकच: ‘कृपया अंकच लिहा.’ आम्ही कळफलक तपासला, लिहिलेला मजकूर छापून पाहिला, त्यात एखादे न दिसणारे चिन्ह आले आहे का तेही पाहिले. शेवटी एक्सेप्टच्या दोन ओळी काढून टाकल्या आणि प्रोग्राम नैसर्गिकपणे कोसळू दिला, तेव्हा पहिल्याच झटक्यात ट्रेसबॅकने नेमएरर, म्हणजे अनोळखी नाव वापरल्याची चूक, दाखवला. पुढच्या ओळीत ‘वय’ऐवजी ‘वयय’ असे टाइप झाले होते. चूक प्रोग्रामरची होती आणि दोष मात्र वापरकर्त्याला दिला जात होता. त्या एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएरर हा एक शब्द असता तर ही चूक पहिल्याच मिनिटाला उघडी पडली असती.

उघड्या एक्सेप्टचा दुसरा परिणाम अधिक त्रासदायक आहे. कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबली की पायथनमध्ये कीबोर्डइंटरप्ट हे एक्सेप्शन निर्माण होते आणि प्रोग्राम थांबतो. इनपुट विचारण्याची ओळही ट्रायच्या आत असेल आणि खाली उघडा एक्सेप्ट असेल, तर तो हेही पकडतो. वापरकर्ता बाहेर पडू पाहतो आणि प्रोग्राम त्याला ‘कृपया अंकच लिहा’ असे सांगून पुन्हा प्रश्न विचारतो. म्हणूनच पायथनच्या रचनाकारांनी कीबोर्डइंटरप्टला एक्सेप्शन या वर्गाखाली (क्लासखाली) न ठेवता त्याच्याही वरच्या बेसएक्सेप्शन या वर्गाखाली थेट ठेवले आहे, जेणेकरून ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ असे लिहिणाऱ्याच्या हातून निदान हे तरी निसटावे.

तरीही ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लिहून निश्चिंत होता येत नाही. इनपुट कळफलकाऐवजी फाइलमधून वळवले असेल आणि फाइल संपली, तर इनपुट हे फंक्शन ईओएफएरर देते. हा प्रकार एक्सेप्शन वर्गाखालीच येतो. तो लूपमध्ये पकडून कंटिन्यू केले की प्रोग्राम पुन्हा विचारतो, पुन्हा फाइल संपलेलीच असते, आणि एकच संदेश पडद्यावर न थांबता धावू लागतो. इनपुट संपणे ही पुन्हा विचारून सुटणारी अडचण नाही. तेथे लूपमधून बाहेर पडणे हाच उपाय आहे.

एक्सेप्टच्या आत केवळ पास लिहून गप्प बसणे तर सर्वथा टाळावे. त्या वेळी काहीच दिसत नाही, परंतु ‘वय’ला मूल्य मिळालेलेच नसते आणि वीस ओळी खाली, मूळ कारणाशी संबंध नसलेल्या ठिकाणी, प्रोग्राम कोसळतो.

आधी तपासावे की करून पाहावे

येथे एक रास्त शंका येते: मजकुरात फक्त अंक आहेत का हे आधीच तपासून घेतले, तर एक्सेप्शनची गरजच काय? स्ट्रिंगला इजडिजिट नावाची, सगळी चिन्हे अंक आहेत का हे सांगणारी मेथड आहे आणि अनेक जण तिच्यावर विसंबतात. ती कोठे फसते ते पाहावे. वजा पाच लिहिले तर वजाचे चिन्ह अंक नसल्यामुळे ती ‘नाही’ म्हणते, वास्तविक इंटला वजा पाच मान्य आहे. २५च्या आधी चुकून स्पेस पडली तरी ती ‘नाही’ म्हणते, पण इंट दोन्ही बाजूंच्या स्पेस स्वतःच काढून टाकते. याच्या उलट, संख्येचा वर्ग दाखवण्यासाठी वर लिहितात तो लहान दोन (²) तिला अंक वाटतो आणि इंट मात्र त्यावर व्हॅल्यूएरर देते. म्हणजे तपासणी एक नियम लावते आणि प्रत्यक्ष रूपांतर दुसरा. इंटला काय चालते हे इंटलाच विचारणे, म्हणजे करून पाहणे आणि न जमल्यास एक्सेप्शन पकडणे, हा पायथनमध्ये रूढ असलेला मार्ग याच कारणासाठी योग्य ठरतो.

आपल्यासाठी यात आनंदाची एक गोष्ट आहे. वापरकर्त्याने देवनागरी अंकांत २५ लिहिले तरी पायथन ३ मधील इंट त्याचे बरोबर पंचवीस करते, कारण ते युनिकोडमधील, म्हणजे जगातील लिपींच्या सामायिक चिन्हसंचातील, सर्व दशमान अंक ओळखते. इंग्रजी शून्य ते नऊ हीच चिन्हे चालतील अशी स्वतःची यादी करून जो तपासणी करतो, तो मराठीत लिहिणाऱ्या माणसाला विनाकारण परत पाठवतो.

इंटच्या बाकीच्या सवयीही ठाऊक असाव्यात. २५.० हा मजकूर तिला चालत नाही, मधे स्वल्पविराम घातलेली संख्या चालत नाही, रिकामी ओळ चालत नाही. मधे अंडरस्कोर घातलेली संख्या मात्र पायथन ३.६ पासून चालते, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते.

रूप बरोबर, अर्थ चुकीचा

वरील प्रोग्राममध्ये ० ते १२० ही मर्यादा ट्रायच्या बाहेर, साध्या इफने तपासली आहे. ५०० हा मजकूर पूर्णांक म्हणून निर्दोष आहे. इंट त्याविषयी तक्रार करणार नाही आणि तिने करूही नये. मजकुराचे संख्येत रूपांतर होते का हा एक प्रश्न आहे आणि ती संख्या या कामासाठी अर्थपूर्ण आहे का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भाषा देते, दुसऱ्याचे तुम्हीच द्यायचे असते. या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले की काय होते याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या यॉर्कटाउन या युद्धनौकेवर डेटाबेसच्या एका रकान्यात शून्य भरले गेले, त्याने भागाकार करण्याचा प्रयत्न झाला, त्या चुकीतून संगणकांचे जाळे कोलमडले आणि नौकेची चालकयंत्रणा बंद पडली. शून्य ही संख्या म्हणून पूर्णपणे वैध होती. त्या रकान्यात मात्र ती चालणारी नव्हती आणि ते कोणी तपासले नव्हते.

दशांश संख्यांमध्ये याहून सूक्ष्म फट आहे. टक्केवारी विचारणाऱ्या प्रोग्राममध्ये तुम्ही मजकुराची दशांश संख्या करणारे फ्लोट हे फंक्शन वापरता आणि पुढे लिहिता, की संख्या ० पेक्षा कमी किंवा १०० पेक्षा जास्त असेल तर नाकारावी. आता कोणी रोमन लिपीत ‘नॅन’ ही तीन अक्षरे लिहिली तर? फ्लोट ती स्वीकारते, कारण ‘संख्या नाही’ हे सांगणारे ते एक अधिकृत दशांश मूल्य आहे. त्याची कोणत्याही संख्येशी लहान-मोठेपणाची तुलना केली तर उत्तर नेहमी ‘असत्य’ येते. ते ० पेक्षा कमी आहे का? असत्य. १०० पेक्षा जास्त आहे का? असत्य. दोन्ही पहारे ओलांडून ते आत येते आणि पुढील प्रत्येक बेरीज नासवते. तपासणी उलट बाजूने लिहिली, म्हणजे ‘० ते १०० च्या दरम्यान नसेल तर नाकारावी’ अशी मांडली, तर ‘दरम्यान आहे का’ याचे उत्तर असत्य येऊन ते आपोआप बाहेर राहते. वरील उदाहरणात इफ नॉट लिहिण्यामागे हेच कारण आहे, आणि पूर्णांकांसाठी गरज नसतानाही ही सवय लावून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन.

स्वतः एक्सेप्शन फेकणे

एकच वय तीन ठिकाणी विचारायचे असेल तर तपासणी फंक्शनमध्ये न्यावी. त्या फंक्शनने इनपुट विचारू नये आणि काही छापूही नये; त्याने मजकूर घ्यावा, वय परत करावे आणि ते शक्य नसेल तर रेज या शब्दाने एक्सेप्शन फेकावे. वजा एक परत करून चूक झाली असे सुचवण्याची जुनी पद्धत येथे घातक आहे, कारण हाक मारणारा ते तपासायला विसरला तर वजा एक हेच वय म्हणून पुढे जाते. फेकलेल्या एक्सेप्शनकडे असे दुर्लक्ष होऊ शकत नाही. ते कोणी पकडले नाही तर प्रोग्राम थांबतो.

क्लास वयमर्यादाचूक(व्हॅल्यूएरर):
    पास

डेफ वय_वाच(मजकूर):
    वय = इंट(मजकूर)
    इफ नॉट (० <= वय <= १२०):
        रेज वयमर्यादाचूक("वय ० ते १२० या दरम्यान असावे.")
    रिटर्न वय

येथील पास हा क्लासला आणखी काही मजकूर नाही एवढेच सांगतो. एक्सेप्टमधील पासशी त्याचा संबंध नाही. मर्यादेसाठी वेगळा प्रकार केला, कारण नुसता व्हॅल्यूएरर फेकला असता तर पकडणाऱ्याला इंटची तक्रार आणि आपली तक्रार यांतील फरक कळला नसता, आणि एक्सेप्शनमधील संदेश छापताना कधी आपले मराठी वाक्य तर कधी पायथनचे इंग्रजी वाक्य वापरकर्त्यापुढे गेले असते. पकडताना वयमर्यादाचूक आधी आणि व्हॅल्यूएरर नंतर लिहावा. पायथन एक्सेप्ट वरून खाली तपासते आणि जुळणारा पहिला स्वीकारते. आपला प्रकार व्हॅल्यूएररचाच उपप्रकार असल्यामुळे क्रम उलटा ठेवला तर त्याची पाळी कधीच येणार नाही.

संदेश लिहिताना काय चुकले यापेक्षा काय हवे आहे हे सांगावे आणि एक नमुना द्यावा. ‘अवैध इनपुट’ एवढेच वाचून माणसाला पुढे काय करावे हे कळत नाही. शक्य असेल तर त्याने लिहिलेला मजकूर अवतरणचिन्हांत परत दाखवावा. १० लिहिताना शून्याऐवजी रोमन लिपीतील ओ हे अक्षर पडले असेल, तर ते त्याच्या नजरेस येण्याची तेवढीच एक संधी असते.

दुसऱ्या भाषेकडे गेल्यावर

जावामध्ये इनपुट वाचणाऱ्या स्कॅनरच्या नेक्स्टइंटने चुकीच्या मजकुरावर इनपुटमिसमॅचएक्सेप्शन दिले, तरी तो मजकूर वाचला गेलेला नसतो. तो तेथेच पडून राहतो. लूपने पुन्हा विचारले की तोच शब्द पुन्हा समोर येतो आणि लूप कधीच संपत नाही. म्हणून एक्सेप्शन पकडल्यावर नेक्स्टलाइनने ती ओळ टाकून द्यावी, किंवा मुळातच संपूर्ण ओळ वाचून इंटिजर क्लासच्या पार्सइंटने रूपांतर करावे आणि नंबरफॉरमॅटएक्सेप्शन पकडावे. मला दुसरा मार्ग अधिक स्वच्छ वाटतो. सी प्लस प्लसमध्ये इनपुट वाचणारे सीइन तर वेगळे सांगितल्याशिवाय एक्सेप्शन देतच नाही, ते केवळ अपयशाची खूण लावून ठेवते आणि ती खूण पुसेपर्यंत पुढचे काही वाचत नाही. जावास्क्रिप्टमध्ये नंबर या फंक्शनला रिकामी स्ट्रिंग दिली तर मुकाट्याने शून्य मिळते, त्यामुळे तेथे एक्सेप्शनची वाट पाहत बसू नये.

लिहून झालेला प्रोग्राम तपासताना २५ सर्वांत शेवटी लिहावे. आधी काही न लिहिता एंटर दाबावे, मग नुसत्या स्पेस देऊन पाहाव्यात, मग अक्षरे, मग २५.५, मग वजा एक, ०, १२० आणि १२१ असे मर्यादेच्या दोन्ही काठांवरचे आकडे, मग देवनागरी अंक. पायथनच्या ३.११ आणि त्यापुढील आवृत्त्यांत ४,३०० पेक्षा जास्त अंकांचा मजकूर दिला तरी इंटकडून व्हॅल्यूएररच मिळतो. तोही एकदा चिकटवून पाहावा आणि त्या वेळी ‘वय अंकांत लिहावे’ हा आपला संदेश कसा वाचला जाईल याचा विचार करावा. त्यानंतर कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम खरोखर थांबतो का, आणि रिकामी फाइल इनपुट म्हणून दिली असता तो लूपमध्ये अडकत नाही ना, हे पाहावे.